एमसीच्या आधी अ‍ॅम्प बघा
रेकॉर्ड प्लेयरचं एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुईची थरथर सिग्नलमध्ये बदलणारा भाग, काढून एमसी (मूव्हिंग कॉइल) लावलं तर फरक पडेल का, असं एकाने विचारलंय. पडेल, पण आधी अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बघा. एमएममध्ये सुईच्या दांडीला चुंबक, कॉइल स्थिर. ३ ते ५ मिलिव्होल्ट सहज मिळतात. एमसीत कॉइलच हलते. ती हलकी, म्हणून बारकावे सुरेख, पण सिग्नल जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट. अ‍ॅम्पच्या साध्या फोनो इनपुटला (रेकॉर्ड प्लेयर जोडायच्या जागी) लावलंत तर गाणं कमी, घूंघूं जास्त! शिवाय एमएमची सुई घरीच बदलता येते, एमसीची बहुधा नाही.

माझ्या चोरबाजारातल्या प्लेयरला सिरॅमिक कार्ट्रिज होतं (चुंबक-कॉइलऐवजी दाबाने वीज देणारा तुकडा असलेलं). आवाज दणदणीत, पण वजनकाट्यावर सुईचा भार भरला ५ ग्रॅम. आईच्या एलपी त्याखाली द्यायचा धीर झाला नाही. याच प्रकारची जुनी क्रिस्टलवाली कार्ट्रिजं तर आपल्या पावसाळ्यातल्या दमटपणानेच बाद होतात.