मदत हवी आहे: ९ जीबीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल), पायथन स्क्रिप्ट रात्रभर चालूनही संपत नाही

कर्वेनगर_४११०५२: पुण्यातल्या बसगाड्यांच्या जीपीएस नोंदी, एक महिना, साधारण ११ कोटी ओळी. थांबा आणि तास धरून नोंदी मोजायच्या आहेत. रीडलाइन्सने वाचतो, स्ट्रपटाइमने (मजकुरातली तारीख-वेळ ओळखणारं फंक्शन) वेळ काढतो, थांबा ३,००० थांब्यांच्या लिस्टमध्ये आहे का ते बघतो. रॅम १६ जीबी. थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधली समांतर कामं) लावून पाहिले, फरक शून्य. नवी एसएसडी घेऊ का?

पर्वती_पायथा: एसएसडीचे पैसे तूर्त राहू द्या. रीडलाइन्स सगळ्या ओळी एकदम मेमरीत आणतं. तुमची ओळ ८० बाइटची, त्यावर पायथन स्ट्रिंगचा स्वतःचा ४०-५० बाइटचा बोजा. बेरीज १५ जीबीच्या वर जाते आणि मशीन स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमऐवजी डिस्क वापरण्यात, रुततं. थेट फाइलवर फॉर लूप फिरवा, एका वेळी एकच ओळ हातात येईल.

पण खरी मेख ती लिस्ट. थांबा सापडेपर्यंत सरासरी १,५०० तुलना, गुणिले ११ कोटी. लिस्टचा सेट करा, काम एका हॅशवर (थांब्याच्या मजकुरावरून काढलेला आकडा, त्याने थेट शोध होतो) येतं. थ्रेडचं म्हणाल तर नेहमीच्या पायथनमध्ये जीआयएलमुळे (पायथनचं अंतर्गत कुलूप) एका वेळी एकच थ्रेड कोड चालवतो.

आणि दर वेळी अख्खी फाइल कशाला? पहिल्या १० लाख ओळींवर सीप्रोफाइल (कोणत्या फंक्शनला किती वेळ लागतो ते दाखवणारं साधन) लावा.

कर्वेनगर_४११०५२: सेट केला, लूप बदलला. आता प्रोफाइलमध्ये सगळ्यात वर स्ट्रपटाइम. वेळ '२०२४-०५-०१ ०८:१५:३०' अशी येते.

सिंहगडरोड_जाम: मग तारीख समजून घ्यायची गरजच काय? पहिली १३ अक्षरं कापा, दिवस आणि तास मिळाले. मात्र वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर हे चुकेल. आपला फरक साडेपाच तासांचा, त्यामुळे त्यांचा एक तास आपल्या दोन तासांत विभागला जातो.

कर्वेनगर_४११०५२: यूटीसीच आहे. शिवाय ओळी बसनुसार लावलेल्या आहेत, वेळेनुसार नाहीत.

सिंहगडरोड_जाम: तर मिनिटापर्यंतची १६ अक्षरं घ्या, ती भारतीय वेळेत बदलणारं छोटं फंक्शन लिहा आणि त्यावर एलआरयू कॅश (आधी काढलेली उत्तरं साठवणारी सोय) लावा. ३१ दिवसांत मिनिटं ४४,६४०; तेवढ्याच वेळा खरं रूपांतर होईल. मॅक्ससाइझ नन (म्हणजे कॅशला मर्यादा नाही) द्यायला विसरू नका. मूळ मर्यादा १२८ ची आहे, आणि प्रत्येक बससोबत महिना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला की जुनी मिनिटं कॅशमधून कधीच गेलेली असतात.

पर्वती_पायथा: पोलार्स (डेटा हाताळणारी पायथन लायब्ररी) चालत असेल तर तिच्या स्कॅन सीएसव्ही फंक्शनने दोनच कॉलम घ्या, प्रोसेसरचे सगळे कोर आपोआप कामाला लागतात. थांबा क्रमांक स्ट्रिंग म्हणूनच वाचा, नाहीतर '००४२' चा ४२ होतो आणि यादीशी काहीच जुळत नाही.