वल्साल्वाच्या खळग्यातला फुटलेला फुगवटा: आधी डिव्हाइस की थेट शस्त्रक्रिया?

धागाकर्ता: सातत्य

महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या तीन पाकळ्यांमागे तीन खळगे असतात, तेच वल्साल्वाचे खळगे: उजवा, डावा आणि ज्यातून हृदयाची रक्तवाहिनी (कोरोनरी) निघत नाही तो नॉन-कोरोनरी. एखाद्या खळग्यात महाधमनीचा मधला थर झडपेच्या कड्याशी जन्मतः नीट जुळलेला नसला, की तिथली भिंत दाबाखाली फुगत जाते आणि केव्हातरी फुटते. उजवा खळगा बहुधा उजव्या खालच्या कप्प्यात फुटतो, नॉन-कोरोनरी खळगा उजव्या वरच्या कप्प्यात. डाव्याचा फुगवटा फार क्वचित दिसतो.

माझं मत स्पष्ट आहे. भोक एकच, झडपेची गळती नाही, व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक) नाही, जंतुसंसर्ग नाही, अशा रुग्णाची छाती उघडू नये. १९९४ पासून कॅथेटरने (रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने) हे भोक बंद केलं जातं. महाधमनीतून वायर भोकापार नेऊन उजव्या बाजूला पकडायची, मांडीच्या शिरेतून बाहेर काढायची आणि त्याच वाटेने डक्ट ऑक्लुडर, म्हणजे भोक बुजवणारं बुचासारखं डिव्हाइस, चढवायचा. महाधमनीकडच्या तोंडाच्या मापापेक्षा २ ते ४ मिमी मोठा घेतात. हार्ट-लंग मशीन लागत नाही, छातीचं हाड कापावं लागत नाही.

प्रतिसाद: पाकळी

ठाम असहमत. तुमची सगळी मांडणी ‘व्हीएसडी नाही’ या दोन शब्दांवर उभी आहे, आणि नेमकं तिथेच चुकतं. व्हीएसडी असेल तर उजव्या खळग्याचा फुगवटा किंवा खाली लोंबणारी पाकळी त्यावर बुचासारखी बसते. छातीवरच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) व्हीएसडी लहान दिसतो किंवा दिसतच नाही. डिव्हाइस बसवलंत तरी व्हीएसडी राहतो, पाकळी खाली ओढली जात राहते आणि पुढे झडप गळायला लागते. शस्त्रक्रियेत पाकळी डोळ्यांनी दिसते, व्हीएसडीही त्याच वेळी बंद होतो.

प्रतिसाद: डॉप्लर

दोघांच्याही आधी निदान पक्कं करा. सतत चालणारी मर्मर (हृदयाचा जादा आवाज) पीडीएमध्ये (महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतरही उघडी राहिलेली वाहिनी) ऐकू येते, कोरोनरी फिश्चुलामध्येही (कोरोनरीतून दुसरीकडे उघडणारी चुकीची वाट). कलर डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या इकोत) प्रवाह सिस्टोल (हृदय आकुंचन पावताना) आणि डायस्टोल (सैल पडताना) दोन्हींत दिसला पाहिजे. व्हीएसडीचा मुख्य झोत सिस्टोलमध्ये असतो. उगम कड्याच्या वर की खाली, हे तर मोजूनच सांगायचं. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या पातळ भागाचा फुगवटा कड्याखाली असतो आणि घाईत तोच वल्साल्वाचा समजला जातो. टीईई (अन्ननलिकेतून केलेला इको) केल्याशिवाय डिव्हाइसचा विचारही करू नये. कोरोनरीचं तोंड भोकापासून किती दूर आहे, हे ईसीजी-गेटेड (हृदयाच्या ठोक्याशी जुळवून काढलेल्या) सीटीवर नीट कळतं.

प्रतिसाद: सातत्य

टीईईची अट मान्य, ती मूळ धाग्यातच लिहायला हवी होती. पण @पाकळी, शस्त्रक्रियाही आपोआप सुरक्षित होत नाही. महाधमनीच्या मुळात कार्डिओप्लेजिया (शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवणारं द्रावण) सोडलं की ते फुटलेल्या वाटेने उजव्या बाजूला निघून जातं आणि हृदयाच्या स्नायूला पुरेसं मिळत नाही.

प्रतिसाद: पाकळी

म्हणूनच ते मुळात सोडून थांबायचं नसतं. भोक बोटाने दाबून धरायचं, नाहीतर महाधमनी उघडून थेट कोरोनरीच्या तोंडात द्यायचं, किंवा कोरोनरी साइनसमधून (हृदयाच्या स्नायूतलं रक्त गोळा करणाऱ्या शिरेतून) उलट्या दिशेने. फुगवट्याची पिशवी ज्या कप्प्यात लोंबते तोही उघडायचा, पिशवी कापून काढायची आणि महाधमनीच्या बाजूने पॅच लावायचा. भोक नुसतं टाके घालून ओढून बंद केलं, तर ताणाने कडा फाटते किंवा पाकळी वाकडी होऊन गळते. पॅच हवाच, अगदी लहान भोक असलं तरी मी टाक्यांवर विसंबणार नाही. छाती बंद करण्याआधी टीईईवर गळती पाहायची, कारण तेव्हा दुरुस्ती करता येते.

प्रतिसाद: डॉप्लर

डिव्हाइसलाही तोच नियम. केबलवरून सोडण्याआधी महाधमनीत डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) टाकून उरलेली गळती बघा, इकोवर पाकळी अडकत नाही ना ते बघा, ईसीजीत एसटी (कोरोनरी अडली की बदलणारा आलेखाचा भाग) बदलत नाही ना तेही. यातलं एकही बिघडलं तर डिव्हाइस परत ओढून घ्या. बारीक गळती ‘बंद होईल’ म्हणून सोडली, तर तिथून जोराने जाणाऱ्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी गडद होते.

प्रतिसाद: सातत्य

हे पटलं. अट बदलतो: टीईईत व्हीएसडीची शंका जरी आली, तरी रुग्ण सर्जनकडे. पण शंका नसताना ‘उघडून बघू’ म्हणून छाती उघडणं मला अजूनही मान्य नाही.

प्रतिसाद: पाकळी

मग उजव्या खळग्याच्या प्रत्येक रुग्णाची टीईई सर्जनसोबत बसून बघा. माझा आग्रह तेवढाच आहे.