गॅनेलिन त्रिकूट : सोव्हिएत राजवटीत मुक्त जॅझ टिकला कसा?

मंद्रसप्तक

नमस्कार. युरोपातील मुक्त जॅझ, म्हणजे ठरावीक सुरावट आणि ठेक्याची चौकट न पाळणारा प्रयोगशील जॅझ, ऐकता ऐकता मी सध्या गॅनेलिन त्रिकूटापाशी थांबलो आहे. पियानो आणि इतर कळफलकवाद्ये वाजवणारे व्याचेस्लाव गॅनेलिन, तालवाद्यांवर व्लादिमिर तारासोव्ह आणि सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवर व्लादिमिर चेकासिन हे तिघे १९७१ ते १९८७ या काळात लिथुआनियातील विल्न्यूस शहरात राहून एकत्र वाजवत होते. त्यांच्याविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात पोलादी पडद्याआड दडपले गेलेले संगीत, गुपचूप बाहेर नेलेल्या फिती आणि लंडनमध्ये निघालेल्या तबकड्या हीच हकिकत पुन्हा पुन्हा येते. दुसरीकडे, १९७६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली त्यांची ‘कॉन आनिमा’ ही तबकडी मेलोदिया या सरकारी कंपनीनेच प्रसिद्ध केली होती, असेही दिसते. या दोन गोष्टींचा मेळ मला बसत नाही. या संगीताला राज्यकर्त्यांचा विरोध होता की आश्रय होता? आणि राजकीय पार्श्वभूमी बाजूला ठेवली, तर या त्रिकूटाचे महत्त्व किती उरते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी तबकडी

विरोध की आश्रय, अशी सरळ विभागणी सोव्हिएत काळातील कलाव्यवहाराला लागू पडत नाही, आणि या तिघांच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्यांची उपजीविका पाहिली की हे स्पष्ट होते. गॅनेलिन विल्न्यूसच्या रशियन नाट्यगृहात संगीत विभाग सांभाळत होते, नाटकांना आणि चित्रपटांना संगीत देत होते. १९७४ मधील एका लिथुआनियन संगीतपटामुळे तर त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. तारासोव्ह सिम्फनी वाद्यवृंदात तालवाद्ये वाजवत आणि चेकासिन विल्न्यूसमध्ये विद्यार्थी घडवत. पेत्रास विश्नियाउस्कास हे पुढे नावारूपाला आलेले सॅक्सोफोनवादक त्यांचेच शिष्य. म्हणजे तिघेही व्यवस्थेच्या आत, पगारी आणि प्रतिष्ठित कामे करणारे संगीतकार होते. त्रिकूटासाठी लागणारा अवकाश त्यांना मिळाला तो काही अंशी या प्रतिष्ठेमुळे आणि काही अंशी बाल्टिक प्रदेशात मॉस्कोच्या तुलनेने पकड सैल असल्यामुळे. गॅनेलिन आणि तारासोव्ह साठच्या दशकाच्या अखेरीस विल्न्यूसच्या नेरिंगा कॅफेत जोडीने वाजवत असत, आणि स्वेर्दलोव्स्कहून चेकासिन येऊन मिळाल्यावर या जोडीचे त्रिकूट झाले.

आता फितींविषयी. लिओ फायगिन हे लेनिनग्राड सोडून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले गृहस्थ बीबीसीच्या रशियन विभागात काम करत आणि अलेक्सेई लिओनिदोव्ह या नावाने जॅझविषयक कार्यक्रम सादर करत. त्यांनी १९७९ मध्ये लिओ रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि त्रिकूटाची पूर्व जर्मनीतील मैफल पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे आणली. त्या तबकड्यांच्या वेष्टनावर, या फितींच्या प्रकाशनाची कोणतीही जबाबदारी वादकांवर नाही, अशा आशयाचे एक वाक्य छापलेले असे. त्या एका वाक्यामुळे संगीताभोवती रहस्याचे वलय तयार झाले हे खरे. पण ते छापण्यामागचा हेतू अगदी व्यावहारिक होता. परवानगीविना परदेशात प्रकाशन झाल्याचा ठपका वादकांवर येऊ नये आणि त्यांच्या नोकऱ्या व दौरे धोक्यात येऊ नयेत, एवढीच त्यामागची काळजी होती.

परदेशातील कार्यक्रमांना गोसकॉन्सर्ट या सरकारी संस्थेची संमती लागे, आणि ती कधी मिळेल याचा नेम नसे. तरीही १९७६ मध्ये वॉर्सॉच्या जॅझ जाम्बोरीत आणि १९८० मध्ये पश्चिम बर्लिनच्या महोत्सवात त्यांनी अधिकृतपणे वाजवले आहे. त्यामुळे बंदी घातलेले कलावंत अशी त्यांची प्रतिमा रंगवणे मला त्यांच्यावर अन्याय करणारे वाटते. त्या चित्रात त्यांची सोळा वर्षांची चिकाटीची, शिस्तबद्ध घडण दिसेनाशी होते.

तालमात्रा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे आणि प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो, कारण माझ्या मते खरे उत्तर तिथेच आहे. या त्रिकूटात बासवादक नव्हता, ही गोष्ट ऐकताना सतत लक्षात ठेवावी. खर्जाची जबाबदारी गॅनेलिन स्वतः उचलत. बॅसेट नावाच्या एका छोट्या विद्युत कळफलकावर, ज्यातून बासचे स्वर निघत, त्यांचा एक हात असे आणि दुसरा पियानोवर. साहजिकच खर्जातील चाल स्वतंत्र बासवादकाइतकी मोकळी राहत नाही, थोडी हट्टी आणि पुनरावृत्तीकडे झुकणारी होते, आणि तिच्या त्या हट्टामुळे वर चाललेल्या गोंधळाला एक कणा मिळतो. तारासोव्ह यांच्याकडे त्यामुळे लय धरून ठेवण्याचे बंधन उरत नाही. ते झांजांच्या कडा, घंटा आणि लहानसहान वस्तू यांच्या नादातून एकेक थर रचत जातात आणि पूर्ण ताकदीचा ठेका फार उशिरा, नेमक्या जागी आणतात.

चेकासिन यांचे वादन पहिल्यांदा ऐकणाऱ्याला केवळ आरडाओरडा वाटण्याची शक्यता आहे. ते दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवतात, मध्येच क्लॅरिनेट उचलतात, आवाज काढतात. अमेरिकेत रहसान रोलंड कर्क या जॅझवादकाने हे तंत्र आधीच प्रसिद्ध केले होते. पण चेकासिन त्याचा उपयोग नाट्यगृहातील पात्रासारखा करतात, म्हणजे एखादी सुरावट गंभीरपणे मांडून तिला लगेच दुसऱ्या वाद्याकडून प्रत्युत्तर देतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मुक्त जॅझ म्हणजे आधी काहीच ठरवायचे नाही, ही समजूत घेऊन यांच्याकडे जाऊ नये. त्यांच्या मैफली बहुधा एकाच अखंड, दीर्घ रचनेच्या असत आणि तिचे टप्पे, वळणे, चढउतार आधी पक्के केलेले असत. टप्प्यांच्या आत प्रत्येकाला मोकळीक असे. नाटकांना संगीत देणाऱ्या माणसाची रचनादृष्टी इथे उपयोगी पडलेली दिसते. पश्चिम बर्लिनमधील मैफलीनंतर योआखिम-एर्न्स्ट बेरेंट या जर्मन समीक्षकाने या वादनाला अतिशय रानटी आणि तरीही अतिशय सुसंघटित ठरवले होते. माझ्या मते त्रिकूटाचे वर्म याच दुहेरी गुणात आहे, आणि त्यासाठी सोव्हिएत इतिहास माहीत असण्याची गरज नाही.

सुरुवात ‘कॉन आनिमा’पासूनच करावी. त्यानंतर ‘कॉन फुओको’ ऐकावी, कारण तीत मॉस्को आणि पश्चिम बर्लिन या दोन्ही ठिकाणच्या मैफली आहेत आणि एकाच शैलीचे दोन वेगळे ताण शेजारी शेजारी ऐकता येतात.

दूरचा श्रोता

दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरी राजकीय संदर्भ इतका बाजूला सारता येईल असे मला वाटत नाही. ज्या देशात ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी एकच आणि सरकारी होती, जिथे जॅझवरचे गंभीर लेखन लेनिनग्राडच्या ‘क्वाद्रात’सारख्या हस्तप्रसारित नियतकालिकातून हातोहात फिरत होते, तिथे सभागृहात बसलेल्या श्रोत्याला अखंड वाजवल्या जाणाऱ्या या रचनांमधून काय मिळत असेल, याचा विचार करायलाच हवा. शब्द नसलेल्या संगीताला सेन्सॉर लावणे कठीण असते आणि श्रोते त्या मोकळ्या जागेत आपापला अर्थ भरतात. वादकांनी निषेध म्हणून वाजवले नसेल. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांसाठी मात्र ते संगीत त्याहून वेगळे नव्हते.

याची उलट बाजू १९८४ च्या ब्रिटन दौऱ्यात दिसली. तोवर लिओ रेकॉर्ड्सच्या तबकड्यांनी मोठी अपेक्षा निर्माण केली होती, आणि प्रत्यक्ष मैफलींवरची प्रतिक्रिया संमिश्र राहिली. पोलादी पडद्याआडचे बंडखोर पाहायला आलेल्यांपुढे विनोद, विडंबन, जुन्या लोकप्रिय सुरावटींची मोडतोड आणि मागे काटेकोर आखणी असलेले तीन कसलेले रंगमंचीय कलावंत उभे राहिले.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. आखणी आणि मोकळीक यांच्या नात्याविषयी वाचल्यावर ‘कॉन आनिमा’ मी पुन्हा ऐकली आणि कोणता टप्पा कुठे संपतो हे प्रथमच नीट जाणवले. एक शंका उरते. १९८६ मध्ये हे तिघे अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले होते, देशातील वातावरणही सैल होत होते. मग नेमके १९८७ मध्येच हे थांबावे, असे का झाले?

जुनी तबकडी

थेट कारण असे की १९८७ मध्ये गॅनेलिन इस्रायलमध्ये स्थलांतरित झाले. पण मला वाटते, त्याआधीच तिघांच्या वाटा वेगळ्या होत चालल्या होत्या आणि ते स्वाभाविक होते. इतका काळ एकाच प्रकारची दीर्घ रचना तिघांनी मिळून उभी केल्यावर प्रत्येकाला आपले स्वतंत्र काम खुणावू लागते. तारासोव्ह यांनी ‘अत्तो’ ही एकल तालवाद्यांची मालिका पुढे नेली आणि दृश्यकलेकडे वळून इल्या काबाकोव्ह यांच्या मांडणशिल्पांसाठी ध्वनिरचना केल्या. १९९३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकी या कलाप्रदर्शनातील रशियन दालनात हे दोघे एकत्र होते. चेकासिन विल्न्यूसमध्येच राहून मोठ्या वाद्यवृंदांसाठी लिहीत आणि शिकवत राहिले. गॅनेलिन यांनी इस्रायलमध्ये व्हिक्टर फोनारेव्ह आणि मिका मार्कोविच यांना घेऊन नवे त्रिकूट उभारले. त्यात फोनारेव्ह बासवादक असल्यामुळे, वर तालमात्रा यांनी वर्णन केलेली ती खर्जाची हट्टी चाल गेली आणि सगळा पोत बदलला. पुढे त्यांनी विश्नियाउस्कास आणि जर्मन तालवादक क्लाउस कुगेल यांच्यासह आणखी एक त्रिकूट केले.

मूळचे तिघे पंधरा वर्षांनी, २००२ मध्ये, फ्रँकफर्ट पुस्तक मेळ्यात पुन्हा एकत्र आले. त्या वर्षी मेळ्याचा अतिथी देश लिथुआनिया होता आणि ती मैफल लिओ रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केली आहे. ती आवर्जून ऐकावी, पण सर्वांत शेवटी. ‘कॉन आनिमा’ आणि ‘कॉन फुओको’ कानांत मुरल्यावर तिच्याकडे गेलात, तर एकमेकांना वाट करून देण्याची तिघांची जुनी सवय आणि मधल्या वर्षांत प्रत्येकाने वेगळे कमावलेले काय, हे दोन्ही तुम्हाला वेगवेगळे ओळखता येईल.