गोठलेल्या मटणाला करवत लावावी का?

फ्रीझरवाला
मिनेसोटात आम्ही तीन मराठी कुटुंबं मिळून दर थंडीत शेतावरून एक बोकड घेतो. तिथला खाटीक मोठे तुकडे करून देतो, बारीक करून देत नाही. या खेपेला वाटे घालायचे राहिले आणि दोन मांड्या नि एक फरा एकाच पिशवीत डीप फ्रीझरमध्ये गेले. आठवड्याने पाहतो तर तिन्हींचा मिळून पाच-सहा किलोचा एकच धोंडा. रविवारी दहा माणसं जेवायला! सत्तूर मारला तर तो उसळला आणि हाडाची कपची चष्म्यावर आली. शेवटी गॅरेजमधली रेसिप्रोकेटिंग सॉ काढली (फांद्या, पाइप कापायची, पुढे-मागे पळणारी करवत). पातं मात्र कोरं, स्टेनलेसचं. इथे हरणाची शिकार करणारे वापरतात ते. दहा मिनिटांत काम फत्ते, आणि नळ्या कशा सफाईदार! बायकोने ‘गॅरेजमधलं मटण’ म्हणून अजून तोंडात घातलेलं नाही. पातं स्वच्छ असेल तर यात चूक काय?

रस्साभक्त
वहिनींना पाठिंबा. कोल्हापुरात सकाळचा बोकड दुपारी तांबड्या रश्शात असतो. तुम्ही आधी त्याचा दगड करता आणि मग तो फोडायला सुताराची हत्यारं काढता.

फ्रीझरवाला
रस्साभक्त, तुमच्या गल्लीतला खाटीक इथे पाठवून द्या, फ्रीझर विकून टाकतो.

टाके सहा
मी धागाकर्त्याच्या बाजूने. गेल्या वर्षी गोठलेल्या चिकनचे चिकटलेले तुकडे सुटे करायला सुरीचं टोक घालून दाब दिला. सुरी सटकली ती थेट तळहातात. सहा टाके, आणि महिनाभर अंगठा नीट वळत नव्हता. ‘मशीन धोक्याची’ म्हणणारे सगळे स्वयंपाकघरात हाच प्रकार करतात आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. ती करवत निदान दोन हातांनी धरावी लागते, त्यामुळे मोकळा हात पात्यासमोर येत नाही.

लेथवाला
मोकळा हात नाही हे खरं, पण मग मटण धरतं कोण? वहिनी?

आणि पातं स्टेनलेस आहे म्हणून विषय संपत नाही. पातं ज्या दांड्यात अडकवता तो गिअरबॉक्समधून आत-बाहेर होतो. जुन्या मशीनच्या तोंडाशी बोट फिरवा, काळं ग्रीस लागेल. मोटर थंड ठेवणारा पंखा हवा बाहेर फेकतो. ब्रशची मोटर (आत कार्बनचे ठोकळे घासत राहतात ती) असेल तर त्या हवेत कार्बनची भुकटी, शिवाय मागच्या महिन्यात कापलेल्या प्लायचा भुसा. पातं उकळता येईल, पण ही मशीन धुणार कशी?

पुणेरी गृहस्थ
थोडं अवांतर. माझ्याकडे चार इंची अँगल ग्राइंडर आहे (लोखंड, फरशी कापायचा, चकती फिरणारा). गोठलेल्या अख्ख्या सुरमईला लावला तर?

लेथवाला
नको!! त्याची कटिंग डिस्क म्हणजे रेझिनने (राळेने) चिकटवून ठेवलेले खरखरीत दाणे आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी. ती झिजत झिजतच कापते, आणि झिजलेलं सगळं सुरमईत. लाकडाचं दातेरी पातं बसवायचा विचार असेल तर तोही सोडा. ते अडकलं की मशीन उसळून अंगावर येते.

देवगड ते दुबई
सुपरमार्केटच्या मटण विभागात अकरा वर्षं काढली, म्हणून बोलतो. तिकडे गोठलेला माल ढिगाने येतो आणि तो बँडसॉवरच (दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरणारी उभी करवत) कापतात. म्हणजे करवत लावणं हे काही पाप नाही. पण ती मशीन बघा: सगळी स्टेनलेस, पातं आणि आतली चाकं काढता येतात, पाळी संपली की पाइप लावून धुवायची. तुकडा हाताने नाही, ढकलपट्टीने पुढे सारायचा. सत्तुराचं काम करताना घालतो तो लोखंडी जाळीचा हातमोजा या मशीनवर चालत नाही, कारण जाळी पात्यात अडकली तर हात सोबत ओढला जातो. नवीन पोरं ‘सेफ्टी, सेफ्टी’ म्हणत तोच घालून यायची.

आणखी एक. पातं फिरलं की हाडाचा नि मांसाचा ओला भुसा तुकड्यावर लिंपला जातो. आम्ही प्रत्येक तुकडा खरवडून घ्यायचो. तो तसाच राहिला तर दाताखाली कचकच लागते, आणि खराबही तोच आधी होतो. फ्रीझरवाले, तुम्ही खरवडलात का?

फ्रीझरवाला
धुतलं. खरवडलं नाही. रश्शाच्या तळाशी रवाळ लागलं ते हेच तर!

लेथवाला, मटण वहिनींनी नाही, क्लॅम्पने धरलं होतं, खाली प्लॅस्टिक टाकून. ग्रीसचा मुद्दा मात्र बोट फिरवल्यावर पटला.

पेट्रीडिश
जंतूंचं सांगते. उणे १८ला बहुतेक जंतू मरत नाहीत, नुसते वाढायचे थांबतात. गॅरेजभर उडालेला तो भुसा वितळला की पुन्हा जागा होतो. ओटा पुसता येतो, पण मोटरच्या फटीत गेलेलं काय पुसणार?

त्याहून महत्त्वाचं: ती करवत शेजारच्या शिकाऱ्याला उसनी देता का? मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांना खंगवून मारणारा मेंदूचा रोग) आहे. तो पसरवणारे प्रायॉन (बिघडलेली प्रथिनं) शिजवूनही जात नाहीत. माणसाला हा रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी हरणाचा मेंदू आणि पाठीचा कणा करवतीने कापू नये असं सांगतात. तुमचं पातं त्यांच्या डब्यात गेलं तर परत घेऊ नका.

बरं, मुळात एवढं कडक असताना कापायचंच कशाला? मटण उणे दीडच्या आसपास गोठायला लागतं आणि उणे पाचला त्यातल्या पाण्याचा साधारण पाऊण भाग बर्फ झालेला असतो. या दोन्हींच्या मध्ये ते कडक असतं, पण दगड नसतं, हाताच्या करवतीला दाद देतं. फ्रीजमध्ये ठेवून तिथवर आणा. अख्खं सुटायला दर दोन-अडीच किलोला दिवसभर लागतो, पण तुम्हाला अख्खं सुटायला नकोच आहे. फ्रीजमध्येच सुटलेलं परत गोठवता येतं, फक्त रस थोडा जातो. ओट्यावर मात्र ठेवू नका.

टाके सहा
पाहुणे रविवारी आणि आठवण शनिवारी रात्री, हे गणित फ्रीजला कळत नाही हो ताई.

पेट्रीडिश
मग बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा आणि दर ३० मिनिटांनी पाणी बदला. पण असं सोडवलेलं न शिजवता परत फ्रीझरमध्ये टाकायचं नाही.

फ्रीझरवाला
पाच-सहा किलोचा धोंडा रात्रभर पाणी बदलत कोण बसणार? हाताची हाडकरवत मागवतो, ती निदान उकळता येते. पण मशीन चूकच होती हे मला मान्य नाही. तीच मशीन नवी, सीलबंद, फक्त मटणासाठी ठेवली असती तर लेथवाल्यांनी काय म्हटलं असतं?

लेथवाला
पैसे जास्त झालेत म्हटलं असतं. त्यापेक्षा छोटी बँडसॉच घ्या.

पुणेरी गृहस्थ
आणि माझी सुरमई?

देवगड ते दुबई
रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी पोटाकडे जरा कडक असतानाच जड सुरीने कापा. तुकड्या सुबक पडतात. ग्राइंडर वॉचमनकडे ठेवायला द्या तोवर.