स्विफ्टच्या दारांत कोणते स्पीकर बसवावेत? (ऐकणं: नाट्यसंगीत, भजनं, तबला)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट, 2014 ची, खालचं मॉडेल. समोरच्या दारांत स्पीकर आहेत, मागच्या दारांत नुसत्या जाळ्या. डेक बाहेरून बसवलाय, त्याच्यावर ‘50 वॅट x 4’ लिहिलंय. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला वरचेवर जाणं होतं, आई-बाबा मागे बसतात. घाट चढताना इंजिनचा आवाज वाढला की गाण्यातले शब्द कळत नाहीत, आणि आवाज मोठा केला की चिरकतो. तबल्याची नुसती चाट (काठावरचा टणक बोल) ऐकू येते, डग्गा गायब.

दुकानदार म्हणतोय की मागच्या ट्रेवर 6 x 9 इंची ओव्हल (लंबगोल स्पीकर) टाका, 400 वॅटचे, प्रश्न मिटला. बजेट फिटिंगसकट आठ हजार. ओव्हल घेऊ की दारातले बदलू? आणि कंपोनंट की को-अ‍ॅक्सियल?

सेदानवाला

माझ्याकडे ओव्हल आहेत, बेस दणदणीत येतो. डोळे झाकून घ्या.

मिरजेचा_वायरमन

सेदानवाले दादा, तुमच्या गाडीत ट्रे म्हणजे बॉडीचाच पत्रा, आणि खाली बंद डिकी. तिथे ओव्हल शोभतात. स्विफ्टचा ट्रे दोन दोऱ्यांवर लटकणारी हलकी फळी आहे. त्यावर जड मॅग्नेटचे दोन स्पीकर चढवले की ती झोल खाते, खडखडते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती फळी कशालाच घट्ट बांधलेली नसते. जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली तर ते वजन आई-बाबांच्या डोक्यामागून पुढे येणार. मी हॅचबॅकला ट्रेवर ओव्हल बसवून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता वॅटचं. खोक्यावरचे 400 म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट. तुमच्या डेकवरचे 50 सुद्धा तसेच. गाडी चालू असताना 14.4 व्होल्ट मिळतात, स्पीकर 4 ओहमचा. या हिशोबात स्वच्छ आवाज कागदावरच जेमतेम 26 वॅटपर्यंत जातो, आणि डेकच्या आतली घट धरली की हातात पंधरा ते बावीस उरतात. म्हणून स्पीकर निवडताना सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटवर किती मोठा वाजतो ते) बघा, डेसिबलमध्ये लिहिलेली असते. 92 चा स्पीकर 20 वॅटवर जेवढा वाजतो, तेवढ्यासाठी 89 च्याला 40 लागतात. तुमचा डेक 40 देणारच नाही, तो चिरकणार. दोन ओहमचे स्पीकर डेकवर थेट लावू नका, डेक तापतो.

प्रकार: को-अ‍ॅक्सियलमध्ये ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वूफरच्या (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या) मधोमध, म्हणजे दाराच्या तळाशी, तुमच्या पोटरीपाशी. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा असतो, तो आरशाच्या आतल्या त्रिकोणात लावला की गायकाचा आवाज डॅशबोर्डवरून समोरून येतो. नाट्यगीतात शब्द आणि तानेचा दाणा हेच सगळं, त्यामुळे तुमच्यासाठी समोर कंपोनंट. सोबतचा क्रॉसओव्हर (बारीक आणि जाड आवाज वेगळे करून ज्याचा त्याला देणारी डबी) विसरू नका. तो नसेल तर ट्वीटर जळतो.

आणि तुमचे समोरचे जुने स्पीकर टाकून देऊ नका. मागच्या दारात तेच माप बसतंय का बघून तिथे लावा. खालच्या मॉडेलात मागपर्यंत वायर ओढलेली नसण्याची शक्यता आहे, पॅनल उघडून कपलर (वायर जोडायचा प्लग) आहे का ते आधी पाहा. मागचा आवाज फेडरने (डेकमधल्या पुढे-मागे आवाज वाटायच्या सेटिंगने) समोरच्यापेक्षा थोडा कमी ठेवा, आई-बाबांना शब्द नीट पोचतील.

डग्ग्याचं दुखणं मात्र स्पीकरपेक्षा दाराचं आहे. मी मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीजवळच वाढलो. फुटक्या भोपळ्याचा तंबोरा जसा बोलत नाही, तसं भोकाभोकांचं दार बोलत नाही. पॅनलमागच्या पत्र्याला मोठाली भोकं असतात, कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मागचा आवाज तिथून पुढे येऊन पुढच्याला खोडतो. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलची (चिकट रबरी) शीट लावा, रोलरने दाबून बसवा. आतली भोकंही झाका. आठ हजारांत मी स्पीकरवर थोडे कमी घालीन, पण ही शीट सोडणार नाही.

डेकमध्ये एचपीएफ (ठरावीक हर्ट्झच्या खालचा जाड आवाज अडवणारी सेटिंग) असेल तर 80 हर्ट्झवर ठेवा. त्याखालचं ओझं या स्पीकरना झेपत नाही, ते काढलं की आवाज मोठा होऊनही चिरकत नाही.

ठाण्याची_मेधा

वायरमनदादांना अनुमोदन. कोकणातली गाडी आहे म्हणून एक भर: काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. दाराच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं शीटने बुजवू देऊ नका, नाहीतर दार आतून गंजेल. स्पीकरखाली घालायची एमडीएफची (लाकडी भुशाच्या फळीची) रिंग पहिल्याच पावसाळ्यात फुगते, प्लास्टिकची घ्या. कोन पॉलिप्रॉपिलीनचा आणि त्याची कड रबराची असलेली बरी.

वाशिष्ठीकाठ

दोघांचे मनापासून आभार. ट्रेचा धोका माझ्या ध्यानीमनीही नव्हता, ओव्हल रद्द. आज पॅनल काढलं. 6.5 इंची भोक आहे, मागे कपलरही सापडला! काच पूर्ण खाली केल्यावर पत्र्यापासून काचेपर्यंत 58 मिमी भरतंय. पसंत केलेल्या कंपोनंटची खोली 62 लिहिलीये. म्हणजे नाहीच बसणार?

मिरजेचा_वायरमन

बसेल. 12 मिमीची रिंग घातली की काचेपासून 8 मिमी मोकळे राहतात, तेवढे पुरतात. पण रिंगमुळे स्पीकर पुढे येतो, तो पॅनलच्या जाळीला टेकतोय का बघा. वूफरच्या कडेवर मळलेल्या कणकेचे चार गोळे ठेवून पॅनल दाबून लावा आणि परत काढा. गोळा किती चपटा झाला त्यावरून अंतर कळतं. निदान पाच मिमी तरी हवं, कोनला हलायला जागा लागते.

कंपनीची वायर कापू देऊ नका, तयार कपलर मिळतो. आणि दोन्ही बाजूंचे प्लस-मायनस तपासल्याशिवाय पॅनल बंद करायचं नाही. एक बाजू उलटी जोडली गेली तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि एवढं करूनही डग्गा गायबच राहतो. रिमोटचा दीड व्होल्टचा सेल घ्या, वूफरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर उचलला पाहिजे. मग काच पूर्ण खाली-वर करून बघा, आणि त्यानंतरच क्लिपा ठोका.