सल्ला हवा: फोन खरा की नक्कल, कसं ओळखायचं? आणि खराच असेल तर तो एवढंच का करतो?

वाटसरू

मंडळी, दोन फोनांबद्दल विचारायचंय.

पहिला: ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा. वापरलेला आहे, पण दिसायला कोरा करकरीत. खोका आहे, बिल नाही. सेटिंगमध्ये १२ जीबी रॅम आणि ५१२ जीबी स्टोरेज दिसतं. आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) नेटवर टाकून पाहिला, मॉडेल बरोबर आलं. तरी काहीतरी खटकतंय. कॅमेरा उघडायला वेळ लागतो, बारीक अक्षरं धूसर वाटतात. पैसे अजून दिलेले नाहीत. रविवारपर्यंत फोन माझ्याकडे आहे.

दुसरा: धाकट्या बहिणीचा, अधिकृत विक्रेत्याकडून नवा घेतलेला. कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा, पण फोटो निघतात १२ मेगापिक्सेलचे. स्टोरेज १२८ जीबी, पण एका अ‍ॅपमध्ये ११९ दिसतं आणि त्यातलेही वीसेक जीबी आधीच भरलेले. खोक्यावर ‘८+८ जीबी रॅम’ लिहिलंय, तरी गेममधून बाहेर पडून परत गेलं की तो पहिल्यापासून सुरू होतो. घरात सगळ्यांचं एकच मत: हिला डुप्लिकेट टेकवला.

कुणी सांगेल का?

गोट्या_रिटर्न्स

आयएमईआय जुळतोय ना? मग अजून काय पाहिजे. घेऊन टाका, आम्हाला पार्टी द्या.

खटपट्या

@वाटसरू, थांबा, एवढ्यात पार्टी नको.

आयएमईआय जुळला म्हणजे तो आकडा खरा आहे, इतकंच कळलं. १५ अंकांपैकी पहिले ८ मॉडेल सांगतात, पुढचे ६ त्या नगाचा अनुक्रमांक आणि शेवटचा एक पडताळणीचा. नक्कल करणारा कुठल्यातरी खऱ्या फोनचा आकडा उचलतो आणि आपल्या मालात भरतो. म्हणजे तुम्ही नेटवर चौकशी केलीत ती भलत्याच फोनची. उलट्या बाजूने मात्र ही तपासणी कामाची आहे. *#०६# दाबून आलेला आकडा खोक्यावरच्या आकड्याशी जुळला नाही, तर पुढे बोलायलाच नको.

सेटिंगमधल्या ‘१२ जीबी, ५१२ जीबी’चंही तसंच. तो मजकूर आहे, मोजमाप नव्हे. कुणीतरी टाइप करून ठेवलेला असू शकतो. अशा नकलांमध्ये मीडियाटेकची एमटी६५८० ही चिप बऱ्याचदा सापडते. चार कोअर, ३२-बिट, नेटवर्क ३जीपर्यंतच. वर पाटी अँड्रॉइड १४ ची आणि आत बसलेलं ५ किंवा ६. फोनच्या आत काय आहे ते दाखवणारं सीपीयू-झेड अ‍ॅप टाकून बघा असं सगळे सांगतात. पण ते अ‍ॅपसुद्धा बरीचशी माहिती अँड्रॉइडकडूनच मागून घेतं. अँड्रॉइडच फिरवलेलं असेल तर ते तेच खोटं तुम्हाला वाचून दाखवणार. आणि फोनमध्ये आधीपासून सीपीयू-झेड घालून दिलेलं असेल तर मला जास्तच संशय येतो.

तेव्हा फोनला स्वतःबद्दल काही विचारूच नका. त्याला कामाला लावा, आणि काम असं द्या की आत खरं हार्डवेअर नसेल तर ते होणारच नाही.

स्क्रीनशॉट घ्या आणि गॅलरीत त्याच्या तपशिलात लांबी-रुंदी बघा. एस२४ अल्ट्राची स्क्रीन १४४० × ३१२० ची आहे. तुमच्याकडे १०८० × २३४० आलं तर लगेच घाबरू नका, सॅमसंग मुळात त्या सेटिंगवरच फोन देतं. डिस्प्लेच्या सेटिंगमधून वाढवा आणि पुन्हा घ्या. ७२० किंवा त्याहून कमी आलं तर अक्षरं धूसर का दिसतात तेही कळलं. स्क्रीनशॉट मेसेंजरवरून स्वतःला पाठवून मोजू नका, वाटेत तो लहान होतो.

मग दुसऱ्या फोनवर हॉटस्पॉट चालू करा, त्याचा बँड ५ गीगाहर्ट्झ ठेवा, आणि या फोनला ते नाव दिसतं का बघा. एमटी६५८० ला फक्त २.४ गीगाहर्ट्झ वाय-फाय कळतं. तिला ते नेटवर्क यादीतच दिसणार नाही. वर ‘५जी’चं चिन्ह काढणं सोपं आहे, पण नसलेला रेडिओ कुठून आणणार? (स्वस्तातल्या काही खऱ्या फोनांनाही ५ गीगाहर्ट्झ दिसत नाही. ही कसोटी महागड्या मॉडेलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या फोनसाठीच.)

मीनाक्षी_स

अल्ट्रा आहे ना? मग पेन काढा! सगळ्यात सोपी परीक्षा तीच.

खऱ्या एस पेनचं टोक स्क्रीनला न टेकवता किंचित वर धरलं तरी स्क्रीनवर ठिपका उमटतो. स्क्रीनखाली वेगळा थर असतो, तो पेनची जागा चुंबकीय क्षेत्रावरून ओळखतो. नकलेतलं पेन म्हणजे रबरी टोकाची काडी, बोटाऐवजी वापरायची. ते टेकवल्याशिवाय काही होत नाही. आता तेच पेन तुमच्या नेहमीच्या फोनवर चालवून बघा. तिथेही छान चालत असेल तर ते एस पेन नाही. खरं एस पेन साध्या टचस्क्रीनवर रेघसुद्धा ओढत नाही.

आणि बोटाचा ठसा. एक बोट नोंदवा आणि दुसऱ्याच बोटाने उघडून बघा. काही नकलांमध्ये स्क्रीनवर ठशाचं चित्र असतं, खाली सेन्सरच नसतो. कुठलंही बोट ठेवा, उघडतो. 😀

आडवाटेचा

कॅमेऱ्याच्या भिंगांवर एकेक करून बोट ठेवा. अल्ट्राला मागे चार कॅमेरे आहेत. नकलेत बहुतेक एकच चालू असतो, बाकी काचेचे गोल. झूम ०.६ वर नेल्यावर चित्र खरंच जास्त रुंद होतं का, आणि कुठलं भिंग झाकलं की अंधार होतो, ते बघायचं.

सोल्डर

@आडवाटेचा, बरोबर, पण एक पुस्ती. ही परीक्षा भर उजेडात आणि लांबच्या वस्तूवर करा. खरा फोनसुद्धा अंधुक प्रकाशात ३ पट झूम मागितल्यावर झूमचं भिंग न वापरता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करून देतो. वस्तू फार जवळ असली तरी भिंग आपोआप बदलतं. संध्याकाळी दिव्याखाली तपासून खऱ्या फोनला खोटं ठरवणारे कमी नाहीत.

व्हिडिओही घ्या. ४के निवडून मिनिटभर चित्रण करा आणि फाइल कॉम्प्युटरवर उघडून तपशील बघा. रुंदी ३८४० हवी आणि आकार साधारण दीडशे ते चारशे एमबी. फोटो ताणून मोठे करणं नकलेला सहज जमतं. ४के व्हिडिओ चालता चालता बनवायचा तर चिपमध्ये तेवढी ताकद लागते.

आता बहिणीच्या फोनबद्दल, कारण तिकडे कुणी वळलंच नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही नकलेचं नाही.

१०८ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एकेक पिक्सेल साधारण ०.६४ ते ०.८ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इतक्या छोट्या ठिकाणी प्रकाश किती पडणार? म्हणून शेजारचे ९ पिक्सेल मिळून एक धरतात. १०८ भागिले ९, बारा. ५० मेगापिक्सेलवाले चाराचा एक करतात, २०० वाले सोळाचा एक, आणि उत्तर पुन्हा साडेबाराच्या आसपास. पूर्ण १०८ चा फोटो हवा असेल तर कॅमेऱ्यात त्याचा वेगळा पर्याय असतो. भर दुपारी वापरा, रात्री वापरलात तर १२ वालाच बरा होता असं म्हणाल.

१२८ आणि ११९ हा नुसता मोजण्यातला फरक. बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, काही अ‍ॅप २ चा ३० वा घात धरतात, म्हणजे १०७ कोटींच्या वर. भागून बघा, ११९.२ येतं. भरलेले वीस जीबी अँड्रॉइडचे आणि कंपनीच्या अ‍ॅपचे.

‘८+८’ वर मात्र माझाही राग आहे. रॅम आठच. पुढचे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले. मध्यम फोनातली एलपीडीडीआर४एक्स रॅम सेकंदाला १७ जीबीपर्यंत माहिती हलवते. यूएफएस २.२ स्टोरेज सलग वाचतानासुद्धा १ जीबीच्या आसपास, आणि तुकड्यातुकड्याने वाचायचं तर कितीतरी कमी. पडून राहिलेली चॅटची अ‍ॅप तिथे सरकवता येतात, चालू गेम नाही. शिवाय बॅटरी वाचवायला फोन मागची अ‍ॅप स्वतःच बंद करतो. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या गेमवरचे निर्बंध काढून बघा, आणि उसनी रॅम बंद करूनही बघा. बऱ्याच फोनांत तिच्यावाचून काही अडत नाही.

मीनाक्षी_स

@सोल्डर, मग हेही सांगा. माझा फोन टाइप-सी आहे, तरी कॉम्प्युटरवर फोटो घ्यायला अर्धा तास. तो पण खरा?

सोल्डर

खराच असणार. टाइप-सी हा नुसता खाचेचा आकार. आत यूएसबी २.० असेल तर कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट, हातात पडतात त्याहून कमी. आयफोन १५ लासुद्धा टाइप-सीमागे यूएसबी २ च आहे, वेगवान जोडणी फक्त प्रो मॉडेलांना.

तीच गोष्ट गेम वीस मिनिटांनी अडखळण्याची. फोनला पंखा नाही. चिप तापली की स्वतःच वेग कमी करते. पहिल्या मिनिटाचा बेंचमार्क (वेगाच्या चाचणीचा आकडा) दाखवून विकतात आणि आपण विसाव्या मिनिटाला खेळत असतो.

चिंतातुर_जंतू

आयफोनचं काय? भाच्यासाठी जुना बघतोय.

खटपट्या

आयफोनची नक्कल म्हणजे बहुतेक वेळा आयओएसचा मुखवटा घातलेलं अँड्रॉइड. अ‍ॅप स्टोअरवर दाबलं की प्ले स्टोअर उघडतं. मुखवटा चांगला असेल तर कॉम्प्युटरला जोडा. मॅकवर फाइंडरमध्ये किंवा विंडोजवर आयट्यून्समध्ये आयफोन म्हणून दिसला पाहिजे.

पण जुन्या आयफोनमध्ये पूर्ण नकलेपेक्षा बदललेले भाग जास्त भेटतात. सेटिंगमधल्या जनरलमध्ये अबाउट उघडा. आयओएस १५.२ पासून तिथे बदललेल्या भागांची नोंद दिसते: बॅटरी, स्क्रीन वगैरे, आणि भाग अस्सल की अनोळखी. सगळ्याच मॉडेलांत सगळे भाग दिसत नाहीत. तिथेच मॉडेल क्रमांकाचं पहिलं अक्षरही बघा. एम असेल तर नवा विकलेला, एफ असेल तर कंपनीनेच दुरुस्त करून विकलेला, एन असेल तर बदलून दिलेला. एफ किंवा एन असला म्हणून फोन वाईट नाही, पण विकणारा ‘नवाच घेतला होता’ म्हणत असेल तर त्याला विचारा.

वाटसरू

अहवाल देतो.

स्क्रीनशॉट ७२० × १५६०, आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये वाढवायची सोयच नाही. ५ गीगाहर्ट्झचा हॉटस्पॉट बायकोच्या फोनला दिसतो, याला दिसत नाही. पेन माझ्या जुन्या फोनवर झकास चालतं. पाच जीबीची एक फाइल कॉपी करून बघितली, ‘पूर्ण झाली’ म्हणाला, पण फाइल उघडत नाही, म्हणजे ५१२ जीबीही बहुतेक नुसती पाटीच.

फोन परत करतोय. बहिणीला १०८ चा पर्याय सापडला, आता ती घरातल्या सगळ्यांना भागाकार शिकवतेय.

पण भलतीच अडचण आलीय. सहकाऱ्याला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. त्यालाही कुणीतरी खरा म्हणूनच विकला होता. तो काही महिने हाच वापरत होता, बँकेचं अ‍ॅप, ईमेल सगळं यातच. मला देण्याआधी फॅक्टरी रीसेट केलाय. तेवढं पुरे ना?

खटपट्या

नाही. रीसेटने त्याचा डेटा पुसला जातो, मूळ सिस्टीम तशीच राहते. आणि खोट असते ती सिस्टीममध्येच. २०२२ मध्ये डॉक्टर वेब या अँटिव्हायरस कंपनीने ‘पी४८प्रो’, ‘रॅडमी नोट ८’ अशा नावांच्या नकलांमध्ये (हो, ‘रॅडमी’च) व्हॉट्सअ‍ॅपमध्ये घुसणारा चोरदरवाजा दाखवला होता. त्या फोनांत अँड्रॉइड ४.४.२ होतं आणि दिसत होतं नवं. २०२५ मध्ये कॅस्परस्कीनेही नकली फोनांच्या सिस्टीममध्येच बसवलेला ट्रायडा हा घातक प्रोग्राम सापडल्याचं सांगितलं. तो चॅटची खाती पळवतो, एसएमएस वाचतो, क्रिप्टो-चलन पाठवायचा पत्ता परस्पर बदलतो. याच फोनमध्ये तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण ‘नाही’ असं इथे बसून कुणीच सांगू शकणार नाही, तेव्हा आहे असं धरून चला.

त्याला सांगा, सगळं दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून करायचं. आधी ईमेलचा पासवर्ड, कारण बाकीच्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. ईमेलच्या सुरक्षा पानावर जाऊन सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट. मग बँक. नुसता पासवर्ड नको, बँकेला फोन करून त्या उपकरणाची नोंदणी काढायला लावायची आणि मधल्या काळातले व्यवहार डोळ्यांखालून घालायचे. मग मेसेंजर: जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून अनोळखी ते काढायचं आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावायची.

आडवाटेचा

आणि सिम अजून त्या फोनमध्ये नाही ना?

वाटसरू

एक आहे. दुसऱ्या खाचेत. त्याचा दुसरा नंबर, काढायचं राहिलं म्हणाला.

खटपट्या

मग पासवर्ड नंतर. आधी ते बाहेर काढा. बँकेचे ओटीपी त्या नंबरवर येतात का तेवढं त्याला विचारा. येत असतील तर पहिला फोन बँकेला.