घराच्या सौद्यात दुसरी पार्टी उभी राहिली तेव्हा... अनुभव सांगा

विहिरीवालं घर
काल मुलासोबत अमरावतीला फ्लॅट पाहायला गेलो होतो, तिथला माणूस म्हणे काकू अजून दोन पार्ट्या तयार आहेत, आजच टोकन टाका. ऐकलं आणि पोटात तसाच गोळा आला जसा 2016 मध्ये आला होता. आमचं हे दारव्ह्याकडचं घर, गावठाणातलं, मागे विहीर. मालकीणबाई एकट्या, सगळे आजीच म्हणायचे. आम्ही 9 लाख म्हटले, दुसऱ्यानं साडेनऊ, तेही सगळे नगदी. आमच्याजवळ वर चढायला काहीच नव्हतं, नमुना आठवर (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) बँक लोन देईना, यांच्या जीपीएफमधून, म्हणजे नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीतून, निघत होतं तेवढंच. दोन रात्री झोप नाही. मग मी एकटीच गेले आणि विचारलं, आजी तुम्हाला जायचं कधी आहे? हे कोणी विचारलंच नव्हतं त्यांना. तूर घरात आल्याशिवाय त्यांना हलायचं नव्हतं आणि नागपूरला पोराकडे खोलीही तयार नव्हती. मी म्हटलं पाडव्यापर्यंत राहा, भाडं नको, इसार आत्ता चेकनं घ्या, बाकी रजिस्ट्रीच्या दिवशी. रविवारी त्यांनी हो म्हटलं. मंगळवारी, 8 नोव्हेंबरच्या रात्री, 500-1000 च्या नोटा बंद झाल्या. गावात सगळे म्हणतात नोटाबंदीनं तुम्हाला घर दिलं. नाही हो, आजींचा शब्द दोन दिवस आधीचा होता.
तुमचं काय झालं लिहा नं.

आंबिया बहार
आमचं उलटं. वरुडकडे, भाव ठरला, इसार दिला 51 हजार, बाकीचे पैसे संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून यायचे होते, तो आज देतो उद्या देतो. तेवढ्यात घरमालकाला सव्वा लाख जास्त देणारा भेटला. इसारपावतीवर मुदतच लिहिली नव्हती आणि सौदा मोडला तर काय तेही नाही. इसार परत आला पण घर गेलं. माझे सासरे त्या गल्लीतून अजून जात नाहीत, लांबून वळसा घालतात. पावतीवर तारीख लिहून घ्या बाई, कितीही ओळखीचा असो.

वऱ्हाडी पोट्टा
हाव ताई, दुसरी पार्टी म्हणजे दर वेळी खरी असतेच असं नाई. मले दलालानं रात्री साडेदहाले फोन केला, भाऊ समोरचा 70 हजार वर चढला आता तुमचं सांगा. मी घाबरून 80 चढवले. सहा महिन्यानं शेजारी सांगते का तुमच्याशिवाय इथं कोणी पाह्यलेच आलं नव्हतं. थेट मालकाच्या ओसरीवर जाऊन बसाचं होतं मी.

पुसदची काकू
@विहिरीवालं घर, आजी आता कुठे असतात? तूर ऐकून डोळ्यात पाणी आलं. माझी आई पण अशीच, तुरीच्या ओल्या शेंगा उकडल्याशिवाय कुठे हलायची नाही.

मेहकर
आमच्याकडे चार भाऊ एक बहीण असं घर होतं. आम्ही सगळं बोलणं थोरल्याशी केलं, चहा, सुपारी, हातावर हात, सगळं झालं. दुसरी पार्टी आधी बहिणीकडे गेली, तिच्या सासरी, साडीचोळी घेऊन, म्हणाली ताई तुमचा हिस्सा तुमच्या खात्यात वेगळा येईल. 2005 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर वडिलांच्या घरात मुलीचा हिस्सा बरोबरीचा, तिची सही नसेल तर सौदा अडतोच. आमचा भाव जास्त होता तरी घर त्यांना गेलं. राग आला होता तेव्हा. आता वाटते त्यांनीच बरोबर केलं, त्या बाईला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं.

पुसदची काकू
मेहकर दादा, बरोब्बर बोलले. माझ्या भावांनी मला न विचारता हक्कसोड तयार करून आणलं होतं, नुसता अंगठा लाव असं. जाऊ द्या तो विषय वेगळा.

आंबिया बहार
काकू लिहा नं, वेगळा कसा. आम्ही वाचतो.

हिंगणघाटवाला
थोडं कामाचं सांगतो, जिनिंगवर आहे, तुकड्यात लिहितो. आम्ही 2022 ले घेतलं, 18 लाख, घर फक्त बायकोच्या नावानं. 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या एकटीच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, म्हणजे आमचे 18 हजार वाचले, तेच आम्ही भावात वाढवून टाकले आणि तेवढ्यावरच सौदा आमच्याकडे वळला कारण समोरचा 10 हजारांच्या वाढीवर अडून होता. आणि ताई नगदीचं, घराजागेच्या व्यवहारात 20 हजार आणि त्याच्या वरची रोख 1 जून 2015 पासूनच चालत नाही, रोख घेणाऱ्याला दंड बसते. तुमच्या आजी तिथेही वाचल्या

हिंगणघाटवाला
आणि आधी फेरफार (मालकी बदलल्याची नोंद), घरटॅक्सच्या पावत्या, घरावर कर्जाचा बोजा आहे का ते पाहून मगच भाव चढवा. माझ्या साळ्यानं नझूलची, म्हणजे सरकारनं लीजवर दिलेली, जागा दुसऱ्याच्या वर बोलून घेतली, लीजचं नूतनीकरण वीस वर्षांपासून राह्यलेलं. अजून चकरा मारून राह्यला. चला ट्रक लागला

वऱ्हाडी पोट्टा
भाऊ कापसाले काय भाव निघाला आज?

विहिरीवालं घर
पुसदच्या काकू, आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. पाडव्याला निघाल्या तेव्हा विहिरीला हळदकुंकू लावून चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या पारिजातक तोडू नको. नाही तोडला. पोर म्हणते आई, त्या फ्लॅटवाल्याला पण विचारू का कोणाला कधी जायचं आहे. बिल्डरला काय विचारणार, पण रिसेलचा एक फ्लॅट आहे तिथे, म्हातारं जोडपं राहते. रविवारी जातो आहोत.

पुसदची काकू
जा जा. आणि त्या पारिजातकाचं एक रोप ठेवा माझ्यासाठी, पुढच्या महिन्यात दारव्ह्याला नणंदेकडे येते आहे.